टपालताईंचा अकरावा जोड

मी एक जुना संगणक आहे. माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट सकाळ आणि सर्वांत आनंदाची दुपार यांच्यात फक्त चार दिवसांचे अंतर होते. मित्रांनो, ती दुपार सांगायला मी इतका उतावीळ झालो आहे की माझा पंखा आत्ताच घरघरू लागला आहे. पण आधी सकाळ सांगायला हवी. त्याशिवाय दुपारची गोडी कळणार नाही.

त्या सकाळी काकांनी माझ्या अंगावरचे फडके काढले. पाच महिने मी त्या फडक्याखाली गप्प होतो. बाहेरच्या खोलीत टपालताई एका पायात जोडा आणि दुसऱ्या पायात चप्पल घालून बसल्या होत्या. काकांना त्यांची नोंद हवी होती, क्रमांक एकशे सात. ती काकूंनी लिहिलेली होती, आणि काकू आता नव्हत्या. काकांनी एका बोटाने एक, शून्य आणि सात दाबले. नोंद उघडली, आणि काका बघतच राहिले.

पानावर ओळखीचे एकही अक्षर नव्हते. डोक्यावर तिरपी रेघ असलेले एक परके अक्षर, त्याच्यामागे गोल पोटाचा चार पायांचा किडा, मग आणखी एखादी खूण. मग पुन्हा तेच परके अक्षर आणि पुन्हा तोच किडा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती किड्यांची रांग.

काकांना वाटले, आपण भलतेच पान उघडले. त्यांनी एकशे सहा उघडून पाहिले, एकशे आठ उघडून पाहिले. मग एकापासून सुरुवात केली. काकूंच्या दोनशे चौदा नोंदी होत्या आणि दोनशे चौदांवर किडेच किडे. काकू गेल्या त्या दिवशी घर माणसांनी भरलेले होते. या सकाळी खोलीत काका एकटे होते. त्यांनी माझ्या पडद्याच्या कडेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "हेही नेलंस का?"

ते मला म्हणाले नव्हते, हे मला कळत होते. तरी मला बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते की काका, काही गेलेले नाही, सगळे इथेच आहे, माझ्या पोटात, जसेच्या तसे. पण मी बोलू शकत नाही. मी फक्त दाखवू शकतो, आणि त्या दिवशी मी चुकीचे दाखवत होतो.

हे असे का झाले, ते सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते. पुढे मी एका दुकानाच्या फळीवर आलो. पंधरा वर्षांपूर्वी काकूंनी मला तिथून घरी आणले. दुकानातल्या मेकॅनिकने मला सुरू करताना काकूंना विचारले, की याला कोणती भाषा लावू? काकू म्हणाल्या, ज्या भाषेत मी यांच्याशी भांडते तीच लाव. मेकॅनिक हसला. त्याने माझ्या सेटिंगमध्ये आपली भाषा लावली, आपला प्रदेश लावला, आणि जगातल्या सगळ्या लिपी मावतील असा एक मोठा तक्ता माझ्या हाती दिला.

तुम्ही म्हणाल, तक्ता कशाला? मित्रांनो, एक गुपित सांगतो. मला अक्षरे येत नाहीत. मला फक्त आकडे येतात. तुम्ही 'क' लिहिलात तर मी तीन आकडे साठवतो: दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट, एकशे एकोणपन्नास. परत दाखवायची वेळ आली की मी तक्ता उघडतो. माझा मोठा तक्ता म्हणतो, हे तीन आकडे मिळून 'क'. मी 'क' काढून दाखवतो. पण जगात दुसरेही तक्ते आहेत. एखाद्या लहान, जुन्या तक्त्यात एका आकड्याला एक खूण असते. तो तक्ता हाती आला, तर त्याच तीन आकड्यांच्या मी तीन वेगळ्या खुणा दाखवतो. कोणता तक्ता उघडायचा, हे मी ठरवत नाही. सेटिंग ठरवते. सेटिंग सांगेल तसे मी मुकाट्याने करतो. माझा स्वभाव म्हणा, दोष म्हणा, तो एवढाच आहे.

आता काका-काकूंचे काम सांगतो, कारण तसे काम मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही.

काका जोडे शिवतात. साधे नाहीत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, टाच वाकडी आहे, बोटे एकमेकांवर चढली आहेत, अशा माणसांचे जोडे. भिंतीवर लाकडी पायांच्या जोड्या टांगलेल्या आहेत आणि प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली आहे. चाळीस वर्षे हातोडी ठोकून काकांचे कान मंद झाले आहेत. शिवाय ते मुलखाचे बुजरे. गिऱ्हाईक आले की ते चामडे कापायच्या रापीला धार लावायला बसतात, मग ती धारदार असली तरी.

गिऱ्हाइकाशी बोलायचे ते काकूंनी. बाहेरच्या खोलीत एक लांब लाकडी फळी जमिनीवर टाकलेली आहे आणि तिच्या टोकाला तीन पायऱ्या आहेत. काकू माणसाला त्या फळीवरून चालायला लावत आणि स्वतः पाठ फिरवून बसत. पायाकडे बघायच्याच नाहीत, नुसत्या ऐकायच्या. त्यांचे म्हणणे होते की माणूस तोंडाने खोटे बोलतो, पण त्याच्या पावलांना ते जमत नाही. जोडा टोचत असला तरी भिडेखातर 'छान आहे' म्हणणारे लोक फार. पाऊल मात्र खरे ते सांगून टाकते. मग काकू माझ्यासमोर येऊन बसत आणि ऐकलेले सगळे लिहून काढत. काका ती नोंद वाचत आणि चामडे कापत.

काय लिहीत त्या! एका आजोबांच्या नोंदीत होते: "डाव्या पायाला दुखलं की उजवा कान खाजवतात. कान बघायचा." एका शिक्षिकेच्या नोंदीत: "फळ्याकडे तोंड करून उभी राहते तेव्हा सगळं वजन करंगळीवर. करंगळीला जागा." मधूनच काकांनाही टोला असे: "हे म्हणतात एक अस्तर पुरे. यांचं ऐकायचं नाही." काका ते वाचून कुरकुरत, आणि दुसरे अस्तर लावत.

त्या वर्षांत माझा मान काय सांगू! रोज सकाळी काकू मऊ फडक्याने माझा पडदा पुसत. गिऱ्हाइके आत डोकावून म्हणत, याच्यात आमचे पाय आहेत ना? काकू म्हणत, पाय तुमच्याकडे, याच्याकडे पायांच्या चहाड्या. मला वाटे, मी या घराचा कान आहे.

मग एका वर्षी काकू माझ्यासमोर कमी वेळ बसू लागल्या. पुढे खुर्चीला उशी आली. पुढे खुर्ची रिकामी झाली. त्याबद्दल मी फार सांगत नाही. सांगण्यासारखे काही नसते.

परदेशात नोकरी करणारी मुलगी आली आणि पंधरा दिवस राहिली. तिने बापाला खाऊ-पिऊ घातले, कपाटे आवरली, दाखल्यांसाठी अर्ज लिहिले. ते अर्ज छापायला ती माझ्यासमोर बसली. माझ्या याद्या आपल्या भाषेत होत्या आणि तिची सवय तिच्या कचेरीतल्या भाषेची. तिला बटणे सापडेनात. म्हणून तिने माझ्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा आणि प्रदेश बदलले, तिच्या त्या देशाचे लावले, मला बंद करून पुन्हा सुरू केले, अर्ज छापले आणि ती निघून गेली. परत बदलायचे राहून गेले. विमानात बसेपर्यंत तिच्या डोळ्याला पदर होता, तिला सेटिंग कुठे आठवणार?

पण त्या देशाबरोबर त्या देशाचा जुना, लहान तक्ताही माझ्या हाती आला. काकू ज्यात नोंदी लिहीत तो वहीचा प्रोग्रॅम तर जुन्या वळणाचा. तो स्वतःचे डोके चालवत नाही. उघडला की तो मला विचारतो, कोणता तक्ता? मी सेटिंगमधला दाखवतो. तो तेवढ्यावर वाचतो. झाले. काकूंच्या आकड्यांना हातही न लावता आम्ही दोघांनी मिळून त्यांचे किडे करून दाखवले.

आता त्या वाईट सकाळीकडे परत जाऊ.

टपालताई म्हणजे गावात टपाल वाटणाऱ्या बाई. उजव्या पायापेक्षा डावा पाय अंगठ्याच्या पेराएवढा आखूड. काकूंनी त्यांच्यासाठी वर्षभर खटपट केली होती. दहा जोड वाया गेले आणि अकरावा बसला. त्या जोडावर टपालताई चार वर्षे जिने चढल्या-उतरल्या. मग एके दिवशी टपालकचेरीचे लोखंडी सरकते दार त्यांच्या डाव्या पायावर आले. त्यांनी पाय ओढून घेतला, तो वाचला, पण जोडा दारात चेपला. आखूड पायाला उंची देणाऱ्या आतल्या बुचाच्या चकत्यांचा भुगा झाला. मापायलाही काही उरले नाही.

साहेबांनी त्यांना बारा दिवसांची मुदत दिली होती. बाराव्या दिवशी पिशवी खांद्याला लावून पाच किलोमीटरची फेरी करून दाखवायची, साहेब मागून चालणार. जमले नाही तर फेरी कायमची दुसऱ्याला आणि टपालताई कायमच्या पत्रांच्या छाटणीच्या टेबलाशी. छाटणीचे काम वाईट नाही, पण त्या म्हणाल्या, "काका, टेबलाला चार पाय असतात, त्याला बसणं शोभतं. मला दोनच आहेत, मला चालू द्या."

काकांनी त्यांना सांगितले की नोंद हरवली, पण हातांना आठवेल. टपालताई घरी गेल्या. काकांनी आत आल्यावर काय केले माहीत आहे? चामड्याला कीड लागू नये म्हणून ते कपाटात डांबरगोळ्या ठेवतात. त्यांतल्या मूठभर त्यांनी माझ्या आजूबाजूला मांडल्या आणि दोन माझ्यावर ठेवल्या. हसू नका. चाळीस वर्षांत त्यांनी पाहिलेला प्रत्येक किडा डांबरगोळीला पळालेला होता. मला वास येत नाही, हे नशीब.

तीन दिवस काकांनी हातोडी ठोकली. तीन चकत्यांचा जोड तयार झाला. चौथ्या दिवशी दुपारी टपालताई आल्या आणि फळीवरून चालल्या. काका मान पुढे करून ऐकत होते, पण त्यांना आपलाच श्वास ऐकू येत होता. टपालताई म्हणाल्या, "बरं आहे." पण पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला, आणि तो हात काकांनी पाहिला.

"बरं नाही," काका म्हणाले.

टपालताई पायरीवरच बसल्या. त्यांनाही ते ठाऊक होते. आता आठच दिवस उरले होते आणि काकूंना वर्ष लागले होते. मग टपालताईंनी उगाच, काहीतरी विचारायचे म्हणून विचारले, की नोंद गेली म्हणजे नक्की कशी गेली? पान कोरे झाले का?

काका म्हणाले, कोरे नाही, कीड लागली.

"कीड? दाखवा बघू."

आणि मित्रांनो, इथून माझी दुपार सुरू झाली.

टपालताई आत आल्या. आधी त्यांनी डांबरगोळ्या पाहिल्या आणि नाकाला रुमाल लावला. मग पडद्याकडे पाहिले. पाहता पाहता रुमाल खाली आला. त्या आणखी जवळ आल्या, त्यांचे नाक माझ्या काचेला लागायचेच बाकी होते. मग त्या अशा खदखदून हसल्या की काका दोन पावले मागे सरले. त्यांना वाटले, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

"काका, या किड्याला मी ओळखते," टपालताई म्हणाल्या. "हा आमच्याकडे पार्सलावर बसून येतो."

त्यांनी भराभर सांगितले. परदेशी दुकानांतून माणसे सामान मागवतात. पत्ता आपल्या अक्षरांत लिहितात, पण तिकडच्या संगणकाच्या हाती भलताच तक्ता असतो, आणि पार्सलावर छापून येते ते हेच, तिरप्या रेघेचे अक्षर आणि गोल पोटाचा किडा. पूर्वी अशी पार्सले परत जात. आता जात नाहीत, कारण छाटणीच्या टेबलाशी एक कारकून आहेत. सदा भिंग हातात म्हणून कचेरीत त्यांना भिंगराव म्हणतात. त्यांनी किड्यांचा तक्ता पाठ केला आहे. ते किड्यांवरून बोट फिरवतात आणि घराचा नंबर सांगतात.

टपालताईंनी तिथेच भिंगरावांना फोन लावला आणि आवाज मोठा केला, काकांना ऐकू यावे म्हणून. भिंगराव डबा खात होते. त्यांनी घास न थांबवता विचारले, की तिरप्या रेघेचे अक्षर दर तिसऱ्या खुणेला येते का? टपालताईंनी माझ्या काचेवर बोट ठेवून मोजले. एक, दोन, तिरपी रेघ. एक, दोन, तिरपी रेघ. ओळ संपेपर्यंत क्रम चुकला नाही. माझा पंखा असा फिरू लागला की काकांनी हात लावून पाहिला.

मग भिंगरावांचे चावणे थांबले. त्यांनी विचारले, "हे असं दिसायला लागल्यावर त्या पानांत कोणी काही लिहून साठवलंय का?"

टपालताईंनी काकांकडे पाहिले. काका म्हणाले, "नाही. उघडली आणि मिटली. तिच्या पानात मी कशाला लिहू?"

भिंगराव म्हणाले, "मग काका, तुमच्या काकू जागच्या जागी आहेत. फक्त तक्ता बदलायचाय."

काका खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरे.

पुढची वीस मिनिटे अशी गेली की काय वर्णावे! माझ्या याद्या होत्या परक्या भाषेत आणि ती भाषा तिघांपैकी एकालाही येत नव्हती. भिंगरावांनी युक्ती काढली. त्यांच्या टेबलावर माझ्याच पिढीचा एक संगणक होता. ते तिकडे ओळी मोजत आणि टपालताई इकडे मोजत. वरून सहावी ओळ. पृथ्वीचा गोळा काढलेला आहे का? आहे. त्यावर दाबा. आता चौथी. नाही नाही, मागे या, तिसरी. एकदा सगळे काळे झाले आणि काकांनी डोळे मिटले. ती फक्त नवी खिडकी उघडत होती. शेवटी देशांची आणि भाषांची लांबलचक यादी आली. त्या परक्या याद्यांत आपल्या भाषेचे नाव मात्र आपल्याच अक्षरांत लिहिलेले होते. तेच टपालताईंनी निवडले. मी विचारले, बंद करून पुन्हा सुरू करू का? काकांनी माझे बटण स्वतः दाबले.

मी म्हातारा आहे. मला सुरू व्हायला सात मिनिटे लागतात. त्या सात मिनिटांत भिंगराव फोनवर "झालं का?" असे नऊ वेळा म्हणाले. टपालताई नव्या जोडात उभ्या राहून पायावरून पायावर वजन टाकत होत्या. काकांनी मध्येच माझ्यावरच्या दोन डांबरगोळ्या उचलून खिशात टाकल्या, कोणी पाहणार नाही अशा बेताने.

वहीच्या प्रोग्रॅमने विचारले, कोणता तक्ता? मी मोठा तक्ता काढला. एक, शून्य, सात.

आणि पान भरून काकू आल्या.

"क्रमांक एकशे सात. टपाल वाटते. बोलकी आहे, पण दुखण्याबद्दल गप्प बसते." टपालताई मोठ्याने वाचत होत्या, काकांना ऐकू जावे म्हणून ओरडत होत्या. खेप पहिली, खेप दुसरी, प्रत्येकीची चाल लिहिलेली. "खेप सातवी. उजवा टक्, डावा ठप्प. हे म्हणतात तीन चकत्या पुरे. यांचं ऐकायचं नाही." तिथे टपालताई थांबल्या आणि त्यांनी स्वतःच्या पायातल्या तीन चकत्यांच्या जोडाकडे पाहिले. काका हसले. पाच महिन्यांत मी ते हसू पाहिले नव्हते. खरे तर फडक्याखालून मी काहीच पाहिले नव्हते, पण त्या हसूला सराव नाही, एवढे कळत होते.

"खेप दहावी. 'बरं आहे' म्हणते, पण पायऱ्या उतरताना श्वास धरते. म्हणजे बरं नाही. खेप अकरावी. साडेचार चकत्या. अर्धी चकती टाचेच्या बाहेरच्या कडेला, आतल्या नव्हे. टक् टक्. पायऱ्या उतरताना गाणं गुणगुणली. झालं."

भिंगराव फोनवर म्हणाले की माझे जेवण गार झाले, पण चालेल.

काकांनी पुढचे पाच दिवस हातोडी खाली ठेवली नाही. साडेचार चकत्या, अर्धी बाहेरच्या कडेला. सहाव्या दिवशी टपालताई फळीवर उभ्या राहिल्या. काका ऐकू शकत नव्हते. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी काकूंनाही कधी सुचली नव्हती. ते गुडघ्यांवर बसले आणि तळहात फळीवर टेकवला. टपालताई चालू लागल्या. काकांनी डोळे मिटले. फळी त्यांच्या हाताला सांगत होती. डावा आणि उजवा सारखेच. मी दारातून पाहत होतो आणि मला ते टक् टक् ऐकू येत होते.

पायऱ्या उतरताना टपालताईंचे ओठ हलले. काकांनी विचारले, काय म्हणालात?

"काही नाही हो. गाणं आलं तोंडात."

"झालं," काका म्हणाले.

बाराव्या दिवशी टपालताईंनी फेरी पूर्ण केली. साहेब मागून चालणार होते. तिसऱ्या किलोमीटरला त्यांनीच टपालताईंना जरा हळू चालायची विनंती केली. फेरी टपालताईंचीच राहिली. तेव्हापासून दुकानाचे टपालही त्या दारात न टाकता आत येऊन देतात आणि जाता जाता माझा पडदा पुसतात. काकांनी मुलीला फोनवर कळवले की आईच्या नोंदी सापडल्या, तू प्रत ठेव. त्या हरवल्या कशा, हे त्यांनी सांगितले नाही. टपालताईंनी विचारले तेव्हा म्हणाले, पोर मदत करायला बसली होती, तिला कशाला सांगू?

इथे गोष्ट संपली असती तर मला फार आवडले असते. पण माझ्या पोटात दोनशे चौदा नाही, दोनशे पंधरा नोंदी आहेत.

शेवटची काकूंची नाही, काकांची आहे. मुलगी परत गेली त्यानंतर आठव्या दिवशी दुपारी काका माझ्यासमोर बसले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक पान लिहिले. एका बोटाने, चार तास. कळफलक आपलाच होता, म्हणून लिहिताना अक्षरे नीट उमटत होती. काकूंनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की लिहिले की साठवायचे. त्यांनी साठवले. मी त्यांना थांबवले होते, मित्रांनो. मी पाटी दाखवली होती, की आता लावलेल्या लहान तक्त्यात ही अक्षरे बसत नाहीत, तरी साठवू का? पण ती पाटी परक्या भाषेत होती. काकू नेहमी डावीकडचे बटण दाबत, म्हणून काकांनी डावीकडचे दाबले. ते बटण होकाराचे होते. मग त्यांनी मला बंद केले आणि अंगावर फडके टाकले.

फेरीच्या दुसऱ्या दिवशी काका ते पान वाचायला बसले. सगळे परत आले, तसे तेही आले असेल, असे त्यांना वाटले. मी ते उघडले. त्यावर किडे नव्हते. ओळी होत्या, शब्दांमधल्या मोकळ्या जागा होत्या, पूर्णविराम होते. आणि प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह होते.

टपालताईंनी भिंगरावांना विचारले. भिंगराव या वेळी काही खात नव्हते. त्यांनी समजावून सांगितले की किडा असेल तर आकडे शाबूत असतात, नुसते वाचणे चुकते. प्रश्नचिन्ह असेल तर आकडेच गेले. ज्या अक्षराला तक्त्यात जागा नाही, त्या प्रत्येकाच्या जागी संगणक एकच आकडा लिहून मोकळा होतो. त्यातून काही परत येत नाही. भिंगालाही येत नाही.

ते पान माझ्याच पोटात तयार झाले, पण त्यात काय होते, हे मलाही आठवत नाही. बंद झालो की माझ्याजवळ साठवलेले तेवढेच उरते. काकांनी टपालताईंना एवढेच सांगितले की काकूंशी बोलायचे राहिले होते, ते लिहिले होते.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालेन असे नाही. माझी तुम्हांला एकच विनंती आहे. माझ्यासारख्या एखाद्याच्या पोटात कोणाचे शब्द असतील, तर ते कोणत्या तक्त्याने वाचायचे, हे त्यांच्याजवळच लिहून ठेवा. दुसऱ्याच्या संगणकाचे सेटिंग बदललेत तर उठताना पूर्ववत करा, किंवा निदान सांगून जा. पडद्यावर किडे दिसले तर घाबरू नका आणि त्यांच्यावर काही साठवू नका. आणि आम्ही न कळणाऱ्या भाषेत काही विचारले, तर हो म्हणण्याआधी कोणाला तरी विचारा. आम्ही विचारतो तेव्हा कारण असते.

टपालताईंनी काकांना दोनदा सांगितले, की आता तक्ता नीट आहे, पुन्हा लिहा. काका दोन्ही वेळा "लिहितो" म्हणाले. रोज सकाळी ते मला सुरू करतात, लागेल ती नोंद वाचतात आणि चामडे कापायला जातात. क्रमांक दोनशे पंधरा तसाच आहे. ते पान त्यांनी अजून लिहिलेले नाही.